जुन्या ध्वनियंत्रांतील पोटेन्शिओमीटर व घटकांची ओळख

जुन्या ध्वनियंत्रांतील पोटेन्शिओमीटर व घटकांची ओळख हे रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टेपरेकॉर्डर आणि ध्वनिवर्धक यांच्या दुरुस्ती व जतनातील एक कौशल्य आहे. पोटेन्शिओमीटर (पारिभाषिक मराठीत विभवमापी, कारागिरांच्या बोलीत कंट्रोल, पॉट किंवा व्हॉल्यूम) हा तीन पायांचा बदलता रोधक असतो. त्यातील कार्बनच्या किंवा रोधतारेच्या पट्टीवर एक स्पर्शक सरकतो व आवाज, स्वर किंवा दोन वाहिन्यांतील समतोल कमी-जास्त करतो. जुन्या यंत्रांत हा घटक सर्वांत आधी झिजतो. त्याच्या पाठीवर छापलेल्या मूल्यावरून तो पूर्णपणे ओळखता येतो, हा समज मात्र चुकीचा आहे. एकाच मूल्याचे दोन कंट्रोल चढ, पाय, स्विच आणि दांडी या चार बाबतींत इतके वेगळे असू शकतात की एकाच्या जागी दुसरा बसवल्यास यंत्र बिघडते, आणि काही प्रकारच्या संचांत ते हाताळणाऱ्याच्या जिवाशीही येते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या घरांत सापडणारे संच एकाच परंपरेतले नाहीत. फिलिप्सने भारतात रेडिओनिर्मिती १९४८ मध्ये कोलकात्यात सुरू केली आणि १९५९ मध्ये पुण्याजवळ दुसरा रेडिओ कारखाना काढला. मर्फी रेडिओ ठाण्यात बनत, तर टाटा समूहाची नेल्को ही कंपनी १९४० पासून मुंबईत होती. सभा, जत्रा व लग्नमंडपांतील ध्वनिवर्धकांत दिल्लीच्या आहुजा कंपनीचे नाव सर्वपरिचित आहे. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स (स्थापना १९५४) व्हॉल्व्ह आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टर देशातच तयार करू लागली. पुढे आखाती देशांतून परतणाऱ्यांसोबत जपानी टेपरेकॉर्डर आले. फिलिप्सची घडण डच, मर्फीची ब्रिटिश आणि टेपरेकॉर्डरची जपानी; प्रत्येकाची मापे, अक्षरे आणि रंगखुणा निराळ्या.

नांदेड जिल्ह्यातील देगलूर हे महाराष्ट्र, तेलंगणा व कर्नाटक यांच्या सीमाभागातील तालुक्याचे ठिकाण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. संस्थानी काळात या भागाचे प्रसारण केंद्र हैदराबादचे डेक्कन रेडिओ, म्हणजे ४११ मीटर (७३० किलोसायकल), हे होते. १ एप्रिल १९५० रोजी ते आकाशवाणीत विलीन झाले. जुन्या भागांचा शोध आजही याच भूगोलाने ठरतो. देगलूरहून हैदराबाद पुण्या-मुंबईपेक्षा जवळ असल्याने कोठीचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार हाताशी येतो. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड त्यानंतर. कोणत्याही बाजारात आज सहज मिळणारा नवा कंट्रोल बहुधा आशियाई पद्धतीचा, सरळ चढाचा आणि सहा मिलिमीटर दांडीचा असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या युरोपीय घडणीच्या संचाला तो जसाच्या तसा क्वचितच चालतो.

मूल्य आणि चढ

दांडी फिरवताना रोध ज्या रीतीने बदलतो त्याला टेपर किंवा चढ म्हणतात. सरळ (लिनिअर) चढात दांडी अर्धी फिरली की रोध अर्धा होतो. माणसाच्या कानाला आवाजाची वाढ साधारणपणे लॉगरिथमी प्रमाणात जाणवते, म्हणून आवाजाच्या कंट्रोलला लॉग चढ देतात. त्यात दांडी मध्यावर असताना स्पर्शक व सुरुवातीचे टोक यांतील रोध एकूण रोधाच्या केवळ १० ते १५ टक्के असतो. उलट-लॉग चढात तो मध्यावर ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास येतो. खरा लॉग वक्र कार्बनच्या पट्टीवर उमटवणे महाग असल्याने बहुतेक उत्पादक वेगवेगळ्या रोधाचे दोन तुकडे जोडून तो आभास निर्माण करतात. त्यामुळे मोजताना मध्येच एक कोपरा आल्यासारखे वाटते. तो बिघाड नव्हे.

सर्वाधिक घोटाळा अक्षरखुणांनी होतो. आशियाई आणि अमेरिकन पद्धतीत ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे सरळ आणि ‘सी’ म्हणजे उलट-लॉग. जुन्या युरोपीय पद्धतीत मात्र ‘ए’ म्हणजे सरळ, ‘सी’ म्हणजे लॉग आणि ‘एफ’ म्हणजे उलट-लॉग. जपानी टेपरेकॉर्डरमधील ‘ए’ आणि युरोपीय रेडिओमधील ‘ए’ यांचे अर्थ असे वेगळे निघतात. ‘सी’ ची गत तर पार उलटी आहे. सरळ चढाचा कंट्रोल आवाजासाठी बसवल्यास पहिल्या पाव फेऱ्यातच आवाज जवळजवळ पूर्ण चढतो आणि उरलेल्या फेऱ्यात काहीच घडत नाही. ग्राहक ‘आवाज एकदम येतो’ अशी तक्रार करतो तेव्हा पूर्वीच्या दुरुस्तीत हेच झालेले असण्याचा संभव मोठा असतो. अक्षरावर विसंबण्यापेक्षा दांडी मध्यावर ठेवून प्रत्यक्ष मोजणे केव्हाही चांगले.

मूल्यांच्या लिखाणावरूनही मूळ देशाचा अंदाज येतो. १० हजार, ५० हजार, ५०० हजार ओहम ही मूल्ये जपानी व जुन्या ब्रिटिश-अमेरिकन संचांत दिसतात. २२, ४७, ४७० हजार ही नंतरच्या युरोपीय मालाची खूण. ५०० आणि ४७० हजार यांतील फरक व्यवहारात नगण्य आहे, कारण जुन्या कार्बन पट्टीची मूळ सूटच २० टक्के किंवा अधिक असे. व्हॉल्व्हच्या संचात आवाजाचा कंट्रोल साधारणतः अर्धा ते एक मेगओहम आणि छोट्या ट्रान्झिस्टर संचात ५ ते १० हजार ओहम असतो. अमेरिकन बनावटीच्या कंट्रोलवर याशिवाय एक आकडी संकेत कोरलेला असतो. पहिले तीन अंक उत्पादकाचे आणि नंतरचे वर्ष व आठवड्याचे. १३७६६४४ याचा अर्थ सीटीएस या कंपनीने १९६६ च्या ४४ व्या आठवड्यात बनवलेला भाग. यंत्राचे वय ठरवण्यासाठी यासारखा सोपा पुरावा दुसरा नाही. अर्थात तो भाग मूळचाच असेल तर.

नेहमीपेक्षा वेगळे प्रकार

चार पायांचा कंट्रोल हा त्यांतील सर्वांत जास्त फेकला जाणारा. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की आवाज कमी असताना कानाला खर्जाचे स्वर अधिकच क्षीण वाटतात. त्यावर उपाय म्हणून चांगल्या व्हॉल्व्ह संचांत पट्टीच्या मध्येच एक जादा पाय काढून त्याला रोधक-धारित्राची जोडणी दिली जाई, जेणेकरून आवाज खाली आणला तरी खर्ज टिकून राहावा. या जागी तीन पायांचा कंट्रोल बसवून चौथी तार कापून टाकली तरी रेडिओ चालतो. म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. रात्री हळू आवाजात लावलेला तोच संच मात्र पूर्वीसारखा भरदार न वाटता पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. चौथा पाय एका टोकापासून किती रोधावर आहे हे मोजून नोंदवून ठेवल्यास दोन रोधकांच्या साहाय्याने कामचलाऊ पर्याय उभारता येतो. तोही मूळच्या बरोबरीचा नसतो.

स्टिरिओ यंत्रातील समतोलाचा कंट्रोल हा दुसरा फसवा भाग. त्याच्या प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग शुद्ध वाहक असतो, त्यामुळे दांडी मध्यावर असताना दोन्ही वाहिन्यांना पूर्ण आवाज मिळतो. मीटर लावल्यावर निम्म्या फेऱ्यात रोध हलतच नाही हे पाहून तो निकामी समजला जातो. मध्यावर दांडी किंचित अडकल्याचा टिचका जाणवत असेल, तर आधी हीच शंका घ्यावी.

१९३० च्या दशकातील काही अमेरिकन रेडिओंत एकच कंट्रोल एका बाजूने एरियलचा संकेत जमिनीकडे वळवतो आणि दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हच्या कॅथोडचा रोध वाढवतो. तेथे नेहमीच्या लॉग कंट्रोलचा उपयोग होत नाही. दोन पायांचा स्वर-कंट्रोल पाहून एक पाय तुटल्याचा ग्रह होतो, पण धारित्रासोबत एकसरीत जोडलेल्या स्वर-कंट्रोलला मुळातच दोन पाय पुरतात. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात चासीच्या मागे किंवा आत पेचकसाने फिरवायचा साधारण शंभर ओहमचा तारेचा कंट्रोल आढळतो. तो तापतंतूंच्या दोन टोकांमध्ये बसवून गुणगुण कमी करण्यासाठी असतो. कर्ण्याजवळ बसवलेल्या जाड, जड, तारेच्या दुहेरी कंट्रोलला एल-पॅड म्हणतात. त्यातील दोन पट्ट्या अशा बदलतात की आवाज कितीही कमी केला तरी ध्वनिवर्धकाला दिसणारा भार तोच राहतो. त्याच्या जागी साधा कार्बन कंट्रोल टाकला तर तो काही मिनिटांत जळतो. १०० व्होल्ट लाइनवर चालणाऱ्या भोंग्यांत तर आवाज कमी करण्याचे काम बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर होते, पोटेन्शिओमीटरवर नव्हे.

दांडी आणि स्विच

ब्रिटिश व अमेरिकन घडणीची दांडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीची. युरोपीय मेट्रिक आणि आधुनिक दांडी ६ मिलिमीटरची. जुना बेकेलाइटचा नॉब नव्या दांडीवर डुगडुगतो, आणि उलट बाजूने बळ लावल्यास बेकेलाइट तडकते. एका दांडीत दुसरी दांडी असलेल्या समाक्ष कंट्रोलमध्ये आतली आवाजाची की बाहेरची, हे खोलण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते.

बॅटरीच्या व्हॉल्व्ह संचात कंट्रोलमागील स्विचला विशेष महत्त्व आहे. वीज न पोहोचलेल्या गावांतील या संचांना तापतंतूंसाठी दीड व्होल्टची आणि प्लेटसाठी ९० व्होल्टची अशा दोन बॅटऱ्या लागत. त्यांचा स्विच दुहेरी असे व दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी तोडी. एकेरी स्विचचा कंट्रोल बसवला तर तापतंतू विझतात, पण जुन्या धारित्रांच्या गळतीतून मोठी बॅटरी हळूहळू रिकामी होत राहते. असा संच व्हॉल्व्हच्या पहिल्या अक्षरावरून ओळखता येतो. युरोपीय नामपद्धतीत ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्टचा तापतंतू (डीके ९६, डीएल ९६ वगैरे), ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट आणि ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरची एकसरी जोडणी.

जिवंत चासी

‘यू’ अक्षराचे व्हॉल्व्ह (यूसीएच ४२, यूएल ४१, यूएल ८४ इत्यादी) किंवा १५० मिलिअँपिअरचे ५०सी५, ३५डब्ल्यू४ असे अमेरिकन व्हॉल्व्ह दिसल्यास तो एसी-डीसी संच समजावा. काही शहरांत एकेकाळी डीसी वीजपुरवठा असल्याने हे संच ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट मुख्य विजेवर चालत. त्यांची धातूची चासी विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की संपूर्ण चासीवर २३० व्होल्ट येतात, आणि कंट्रोलची दांडी चासीवरच बसलेली असल्याने तीही जिवंत होते. मूळ उत्पादकांनी म्हणून नॉबचा स्क्रू खोल बसवून त्यावरील छिद्र मेणाने बुजवलेले असे. ते मेण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कधीच वितळून गेलेले असते, किंवा मागील दुरुस्तीत खरवडलेले. नॉब हरवल्यावर उघडी दांडी चिमट्याने फिरवण्याची सवय अशा संचाबाबत प्राणघातक ठरते.

या संचांसाठी मूळप्रमाणे खोल स्क्रूचा नॉब, अखंड मागील पुठ्ठा आणि शक्य तेथे प्लास्टिकच्या दांडीचा कंट्रोल वापरावा लागतो. दुरुस्तीच्या टेबलावर १:१ विलगक ट्रान्सफॉर्मर आवश्यक आहे. दुकानांतून सर्रास वापरला जाणारा सिरीज बल्ब शॉर्टपासून संचाचे रक्षण करतो. विजेच्या धक्क्यापासून माणसाचे करत नाही. चासीला थेट अर्थिंग जोडणे हाही येथे उपाय नव्हे, कारण प्लग उलटा असल्यास त्यातून सरळ शॉर्ट होतो.

मोजमाप व निदान

वीज तोडून आणि मोठी धारित्रे रोधकामार्फत रिकामी करून कंट्रोलचे किमान दोन पाय डाख काढून मोकळे केल्यावरच मोजमाप विश्वसनीय ठरते. दोन्ही टोकांमधील रोध, मध्यावरील रोध, फेऱ्याच्या दोन्ही अंतांना उरणारा रोध आणि असल्यास चौथ्या पायाचे स्थान एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. पट्टीतील तुटक जागा शोधण्यास आकडी मीटरपेक्षा जुना काट्याचा मीटर सरस ठरतो: दांडी सावकाश फिरवताना काटा उडी मारतो ती जागा झिजलेली.

खरखर येते म्हणून कंट्रोल बदलणे ही नेहमीची घाई. कंट्रोलच्या आधीच्या किंवा नंतरच्या धारित्रातून गळती होऊन पट्टीवर डीसी दाब आला, तर नवा कोरा कंट्रोलही खरखरतो. संच चालू स्थितीत (एसी-डीसी संच असल्यास विलगक ट्रान्सफॉर्मरवरच) त्या धारित्राच्या कंट्रोलकडील टोकाला डीसी दाब मोजल्यास हे लगेच कळते. केवळ धूळ असल्यास कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि दांडीचे वीस-पंचवीस फेरे पुरतात. खोबरेल किंवा यंत्राचे तेल सोडल्यास खरखर तात्पुरती थांबते, पण तेलात धूळ बसून पुढच्या उन्हाळ्यात पट्टीवर काळा चिकटा होतो.

रेकॉर्ड प्लेअरचा आवाज क्षीण झाल्यासही दोष कंट्रोलला दिला जातो. जुन्या क्रिस्टल पिकअपमधील रोशेल मीठाचा स्फटिक दमट हवेने आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या उष्णतेने कायमचा निकामी होतो. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद मोटारीत ठेवलेल्या प्लेअरला ही मर्यादा फार दूर नसते. या पिकअपला एक मेगओहमच्या आसपासचा कंट्रोल लागतो. तेथे ५० हजारांचा कंट्रोल लावला की खर्ज पूर्णपणे नाहीसा होतो.

इतर अपरिचित घटक

जुन्या रोधकांवर पट्ट्यांऐवजी अंग, टोक आणि ठिपका अशी रंगवाचनाची पद्धत असे. पिवळे अंग, जांभळे टोक व नारिंगी ठिपका म्हणजे ४७ हजार ओहम. पट्ट्यांच्या सवयीने ते टोकापासून वाचल्यास उत्तर भलतेच येते. कार्बन मिश्रणाच्या रोधकांचा रोध वयानुसार वाढत जातो, तेव्हा रंग आणि मीटर यांत फरक पडल्यास रंग मूळ मूल्य सांगतो आणि मीटर आजची स्थिती.

धारित्रांवरील ‘एमएफडी’ म्हणजे मायक्रोफॅरड आणि ‘एमएमएफडी’ म्हणजे पिकोफॅरड. एका ‘एम’ने दहा लाख पटींचा फरक पडतो. मेणकागदाची आणि फिलिप्सची काळ्या डांबरात बसवलेली धारित्रे बाहेरून धड दिसली तरी बहुधा गळकी असतात. अमेरिकन संचांत तपकिरी बेकेलाइटच्या चौकोनी वड्या अभ्रकाच्या समजून ठेवल्या जातात. त्यांतील काहींच्या आत कागदच निघतो. याउलट फिलिप्स-मलार्डची मोहरी रंगाची पॉलिएस्टर धारित्रे दीर्घायुषी असून ती सरसकट बदलण्याचे कारण नसते. जुन्या फिलिप्स संचांत एक लहान नळी व तिच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे दिसते, एखादी उसवलेली कॉइलच जणू. तो तारेचा ट्रिमर होय. तारेचे वेढे उलगडून त्याचे धारित्र कारखान्यात कमी केले जाई. तार ‘नीट’ गुंडाळून ठेवणारा कारागीर संचाचे ट्यूनिंग घालवतो. असे घडले असल्यास ओळखीच्या केंद्राचे स्थान पाहावे: आकाशवाणी परभणीची १३०५ किलोहर्ट्‌झ ही लहर मीटरच्या स्केलवर २३० जवळ यायला हवी.

चौकोनी पत्र्यांची चवड दिसणारा भाग सेलेनियम रेक्टिफायर असतो. तो जळताना कुजकट, लसणासारखा वास येतो. त्याचा धूर विषारी असल्याने संच तत्काळ बंद करून खोली उघडावी. सिलिकॉन डायोडने तो बदलता येतो, मात्र डायोडचा दाब-ऱ्हास कमी असल्याने पुढील व्होल्टेज वाढते व ते रोधक घालून खाली आणावे लागते. स्पीकरच्या चुंबकाजागी हजार ओहमच्या आसपास रोध असलेली जाड कॉइल निघाल्यास तो फील्ड-कॉइल स्पीकर होय. ती कॉइल वीजपुरवठ्यातील चोकचेही काम करते, त्यामुळे असा स्पीकर काढून साधा लावताना तिच्या रोधाइतकी भरपाई करावी लागते.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरांत एएफ ११४ ते ११७ या मालिकेला चार पाय असतात. चौथा पाय केवळ बाह्य कवचाचा आहे. आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढून कवच व इतर पाय यांत शॉर्ट होतो, आणि पुष्कळदा चौथा पाय कापताच मुका संच बोलू लागतो. काचेच्या ओसी ७१ वरचा काळा रंग खरवडू नये, कारण उघड्या काचेतून प्रकाश आत गेल्यास तो प्रकाशसंवेदी बनतो. पीएनपी ट्रान्झिस्टरच्या या संचांत चासी बहुधा धन टोकाला असते. नव्या सवयीने ॲडाप्टर जोडण्यापूर्वी हे तपासावे.

पर्यायी जोडणी

योग्य लॉग कंट्रोल न मिळाल्यास सरळ चढाच्या कंट्रोलचा स्पर्शक आणि जमिनीकडील पाय यांमध्ये एकूण मूल्याच्या सुमारे १५ टक्क्यांचा रोधक लावतात. एक मेगओहमच्या कंट्रोलला १५० हजारांचा रोधक जोडल्यास मध्यावर सुमारे १९ टक्के संकेत मिळतो, जो लॉगच्या पुष्कळ जवळचा आहे. मात्र आवाज पूर्ण असताना आधीच्या टप्प्यावरील भार एक मेगओहमऐवजी १३० हजारांचा होतो. ट्रान्झिस्टर संचात हे सहसा खपते. व्हॉल्व्ह संचाच्या डिटेक्टरवर आवाज विकृत होऊ शकतो आणि क्रिस्टल पिकअपवर खर्ज जातो, म्हणून तेथे ही युक्ती वर्ज्य मानावी.

मूळ कंट्रोलची पट्टी झिजली तरी त्याची दांडी, स्विच आणि पत्र्याचे कवच उपयोगी असते. पाकळ्या उघडून त्याच मापाची, त्याच चढाची पट्टी दुसऱ्या कंट्रोलमधून आणून बसवण्याची पद्धत जुन्या कारागिरांत रूढ आहे. पट्टीचे रिव्हेट सैल होऊ न देणे हा त्यातील अवघड भाग. काढलेला भाग फेकून न देता संचाच्या आतच पिशवीत घालून, मोजलेल्या आकड्यांची चिठ्ठी सोबत ठेवल्यास पुढील दुरुस्ती करणाऱ्याला मूळ जोडणी पुन्हा उभी करता येते.